होडीच्या पट्ट्यांसाठी राउटर टेबल लावताय? या चुका टाळा

पट्ट्या जोडून बांधलेल्या कनू किंवा कायाकमध्ये (वल्ह्याने चालवायच्या लांब, अरुंद होड्या) प्रत्येक पट्टीच्या एका कडेला गोलाई आणि दुसऱ्या कडेला पन्हळ असते. साच्याच्या वळणावर पट्टी कलली तरी गोलाई पन्हळीत फिरते आणि फट पडत नाही. नेहमीचं माप दोन सूत (पाव इंच) जाड, सहा सूत (पाऊण इंच) रुंद. हे दोन्ही आकार राउटर टेबलावर पाडतात: टेबलाखाली उलटा टांगलेला राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र. टेबल अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तर ती चूक झाडून सगळ्या पट्ट्यांवर उतरते आणि लक्षात येते थेट होडी घासताना.

कॉलेट आणि बिटचं न जमणं

गोलाई आणि पन्हळ पाडणाऱ्या बिटांचा (राउटरच्या पात्यांचा) दांडा बहुतेक पाव इंच (6.35 मिमी) किंवा अर्धा इंच (12.7 मिमी) असतो. राउटरचं कॉलेट (दांडा पकडणारी चिमट) मात्र 6, 8 किंवा 12 मिमीचं असू शकतं. 6 मिमीचा दांडा पाव इंची कॉलेटमध्ये आवळला जातो, पण लोड आला की सरकतो. दहाव्या पट्टीनंतर उंची आपोआप बदलली असं वाटलं तर आधी हे तपासा. दांडा तळाला टेकेपर्यंतही घालू नका. 2-3 मिमी वर उचलून मगच आवळा. योग्य मापाचं कॉलेट मिळत नसेल तर बिट बदला, दांड्याला कागद-पत्रा गुंडाळू नका.

टेबलाला झोळ

12 मिमी प्लायवर जड राउटर टांगला की मधोमध झोळ पडतो. 18 मिमीचे दोन थर चिकटवा आणि मध्ये 6 मिमी अॅल्युमिनियमची प्लेट बसवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये अशी प्लेट कापून, भोकं पाडून मिळते. साधा एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) इथल्या पावसाळ्यात फुगतो. वापरायचाच तर कडांसकट सील करा.

कोणती बाजू खाली, हे न ठरवणं

बिट पट्टीच्या अगदी मध्यावर आणण्यात लोक अर्धा दिवस घालवतात. त्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते प्रत्येक पट्टीच्या एकाच बाजूला पेन्सिलीने तिरकी रेघ मारून, गोलाई पाडताना आणि पन्हळ पाडताना तीच बाजू टेबलावर ठेवणं. दुसऱ्या फेरीत पट्टी उलथायची नाही, फक्त टोकं बदलायची. मग दोन्ही कडा एकाच पातळीवरून मोजल्या जातात. गोलाई 0.2 मिमी वर गेली असेल आणि पन्हळही तेवढीच वर असेल, तर जोड तरीही सपाट बसतो. पट्ट्यांची जाडी कमी-जास्त असली तर तो फरक सगळा दुसऱ्या बाजूला जातो. खुणेची बाजू होडीच्या बाहेर ठेवली की घासायचं काम आतल्या अंगाला उरतं.

चाचणीसाठी त्याच लाकडाचे, त्याच जाडीचे तुकडे घ्या. गोलाईचा तुकडा आधी खुणेची बाजू खाली ठेवून आणि मग उलथून पन्हळीत बसवून पाहा. खुणेची बाजू खाली ठेवून सपाट आणि उलथल्यावर पायरी, असं असेल तर बिट मध्यावर नाही, एवढंच. काम चालू शकतं. खुणेच्या बाजूलाच पायरी असेल तर एका बिटची उंची तेवढी हलवा.

पन्हळ खोल पाडणं

बिट पाव इंचासाठी असतं आणि आपण पट्टी 6 मिमीची चिरतो. पूर्ण अर्धवर्तुळ कोरलं तर पन्हळीचे ओठ उरतच नाहीत, कागदासारखे तुटतात. खोली 1.2 ते 1.5 मिमी ठेवा, दोन्हीकडे 0.3 ते 0.5 मिमीची सपाट कड शिल्लक राहील.

आधी गोलाई, मग पन्हळ. उलट क्रम केला तर दुसऱ्या फेरीत फेदरबोर्ड (पट्टी दाबून धरणारी दात्यांची फळी) थेट त्या नाजूक ओठांवर दाबतो आणि ते चेंबतात.

शेवटचे दोन इंच खाल्ले जाणं

गोलाई पाडताना बिट कडेची सगळी जाडी खातंय आणि पुढचा फेन्स (पट्टी टेकवून सरकवायचा उभा आधार) मात्र जुन्याच रेषेत आहे, असं झालं की पट्टीचं टोक आत ढकललं जातं. गोलाईचा माथा फेन्सच्या रेषेला नुसता शिवेल इतपतच फेन्स मागे घ्या. फेदरबोर्ड चार: बिटच्या अलीकडे-पलीकडे फेन्सच्या दिशेने दाबणारे दोन, वरून दाबणारे दोन. दाब इतकाच, की दोन बोटांनी पट्टी पुढे जाईल आणि सोडली तर मागे येणार नाही.

पाच मीटरची पट्टी म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर जागा. गाळा लहान असेल तर टेबल शटरच्या रेषेत ठेवून अर्धी पट्टी अंगणात काढा. घोड्या (पट्टीखालचे आधार) साधारण 1.2 मीटरवर, टेबलाच्या पातळीला. पुढच्या माणसाने पट्टी नुसती धरायची, बाजूला ओढायची नाही. फेन्सपासून सुटली की कड लाटालाटांची होते. मध्ये थांबलात की काळा डाग पडतो.

फेन्स मागे आणि आपण समोर असताना पट्टी उजवीकडून डावीकडे ढकला. उलट ढकलली तर बिट ती हातातून हिसकावतं. बिट आणि फेन्स यांच्या मधून पट्टी कधीही घालू नका.

लाकूड आणि पाऊस

परदेशी पुस्तकांतला रेड सीडर वखारीत मिळेलच असं नाही. शिवण हलकी आहे आणि कापायलाही गुणी. सागवान जड, तेलकट आणि बिटची धार लवकर खाणारं. इपॉक्सी लावण्याआधी ते अॅसिटोनने पुसावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये चिरून आठवडाभर ठेवलेली पट्टी फुगून जाडी बदलते, म्हणून चिरणं आणि राउटर एकापाठोपाठ करा आणि दर वीस पट्ट्यांनी व्हर्नियरने जाडी मोजा. तयार पट्ट्या कापडी पट्टीने बांधा. सुतळी पन्हळीचे ओठ कापते.