खोटी माहिती दिल्याचा ठपका बसल्यावर अमेरिकेचा वेव्हर (प्रवेशबंदीतून सूट) कसा मागावा

अमेरिकेच्या विमानतळावरून परत पाठवलेली माणसं घरी पोचल्यावर बहुतेकदा घाईघाईने नवा व्हिसा अर्ज भरायला बसतात. जरा थांबा. डीएस-१६० अर्जात सरळ विचारलेलं असतं: व्हिसा किंवा प्रवेश कधी नाकारला गेला का, प्रवेशाची विनंती मागे घेतली होती का? तिथे ‘नाही’ लिहिलंत तर एका खोट्यावर दुसरं चढतं, आणि मग बाजू मांडायला जागाच उरत नाही.

आधी कागद काढा. विमानतळावर सह्या घेतल्या त्यात काय होतं, हे त्या ताणात कुणी वाचलेलं नसतं. आय-८६० असेल तर तो तातडीच्या हकालपट्टीचा आदेश. एरवी त्याची बंदी ५ वर्षांची. आय-२७५ म्हणजे प्रवेशाची विनंती मागे घेतल्याची नोंद. पण कुठेही २१२(ए)(६)(सी)(आय) हे खोटी माहिती दिल्याचं कलम दिसलं, तर बंदी जन्मभराची आहे. ५ वर्षं उलटली की मोकळे झालो, असं समजणारे इथेच फसतात. कागद हाती नसतील तर अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याकडे (सीबीपी) तिथल्या माहिती अधिकार कायद्याखाली ऑनलाइन अर्ज करून तुमच्या फाइलची प्रत मागवा. तुमचा शपथेवरचा जबाबही त्यात असू शकतो. तो वाचल्याशिवाय पुढचं काही लिहू नका.

मग ठपका योग्य आहे का ते पाहा. खोटं जाणूनबुजून सांगितलेलं आणि निर्णयावर परिणाम करू शकेल असं असावं लागतं. न विचारलेली गोष्ट सांगितली नाही, एवढ्यावरून हे कलम लागत नाही. ‘एजंटने भरलं’ हे कारण मात्र सहसा चालत नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं का, हे तपासतात. कलमच चुकीचं लागलं असेल तर वेव्हर मागण्याआधी फेरविचार मागा.

आता वाट ठरवा. फिरायला, शिकायला किंवा नोकरीसाठी तात्पुरतं जायचं असेल तर २१२(डी)(३) खालचा वेव्हर. यासाठी अमेरिकेत नातेवाईक असण्याची अट नाही, वकिलातीत वेगळा फॉर्मही नाही. नेहमीसारखा व्हिसा अर्ज करायचा आणि मुलाखतीत अधिकाऱ्याला शिफारस करण्याची विनंती करायची. मात्र त्या व्हिसाला तुम्ही एरवी पात्र हवेत. परत येण्याची खात्री पटत नाही म्हणून नकार आला, तर त्याला वेव्हर नाही. शिफारस झाली की निर्णय सीबीपी घेते. ‘ह्रांका’ या १९७८ च्या निकालानुसार तीन गोष्टी तोलतात: तुमच्यापासून समाजाला धोका किती, चूक किती गंभीर, आणि जाण्याचं कारण काय.

अर्जासोबत द्यायच्या तुमच्या निवेदनावर सगळ्यात जास्त वेळ द्या. काय खोटं सांगितलं, का सांगितलं आणि त्यानंतर आयुष्यात काय बदललं, हे तारखांसह आणि साध्या शब्दांत लिहा. निवेदन आणि विमानतळावरचा जबाब एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. जुळत नसतील तर का, तेही लिहा. गोलमोल भाषेने विश्वास जातो, तो शिफारसपत्रांनी भरून येत नाही.

ग्रीन कार्डची वाट वेगळी, आणि जास्त कठीण. तिथे वकिलातीने अपात्र ठरवल्यावर आय-६०१ हा वेव्हरचा फॉर्म भरायचा. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या पती, पत्नी, आई किंवा वडिलांना तुमच्यावाचून पराकोटीचा त्रास होईल, हे सिद्ध करावं लागतं. मुलांचा त्रास थेट धरत नाहीत. पण मुलांच्या त्रासामुळे जोडीदारावर पडणारा भार दाखवता येतो. डॉक्टरांचे अहवाल, कर्जाचे हप्ते, म्हाताऱ्या आईवडिलांची देखभाल, सगळ्याचे पुरावे जोडा. जोडीदार तुमच्याकडे येऊन का राहू शकत नाही, हेही मांडा. हकालपट्टीची ५ वर्षं संपली नसतील तर आय-२१२, म्हणजे पुन्हा अर्ज करण्याची परवानगी मागणारा फॉर्म, सुद्धा लागतो. अमेरिकन नागरिक असल्याचा खोटा दावा केला असेल, तर या वाटेवर वेव्हर नाही. अशा वेळी इमिग्रेशन वकिलाला भेटल्याशिवाय पैसे भरू नका.

निर्णयाला महिनोन्‌महिने लागतात, तोवर तिकीट काढू नका. मंजुरी मिळाली तरी विमानतळावरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो, म्हणून मंजुरीचा कागद हातातल्या बॅगेतच ठेवा.