सुतारकामाचा कोपरा लावताय? मोठ्या मशीनच्या आधी ही छोटी हत्यारं जमवा

गच्चीवर नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात छोटंसं वर्कशॉप टाकायचंय, कुठलं मशीन घेऊ, असं हल्ली बरेच जण विचारतात. मशीनचं नंतर बघू. टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत) हौसेने आणला, चौकटीचे कोन काही जमेनात, आणि आता त्यावर कपडे वाळत पडलेत अशी घरं मला माहितीयेत. हौशी माणसाचं काम बिघडतं ते जास्त करून मापात आणि पकडीत, कापण्यात त्यामानाने कमी, आणि माप-पकडीची हत्यारं छोटी असतात, बरीचशी स्वस्तही असतात. म्हणून ही यादी त्याच क्रमाने लिहितोय, पहिला तुकडा कापायच्या आधी हाताशी काय काय असावं ते. करवत, रंधा, दोन-तीन पटाश्या (लाकडाच्या छिन्न्या), हातोडी आणि एक साधा ड्रिल तुमच्याकडे आहे असं धरून चाललोय.

टेप पाच मीटरचा घ्या, रुंद पट्टीचा, आणि घरात तीन टेप असले तरी एका कामाला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वापरा, कारण दोन टेपांमध्ये मिलिमीटरभर फरक सहज निघतो. टोकाचा हुक थोडा ढिला लागेल, तो खिळखिळा झालाय असं समजून ठोकून घट्ट करू नका, हुकच्या जाडीइतकाच तो मागेपुढे सरकेल असा मुद्दाम बसवलेला असतो, म्हणजे बाहेरून अडकवून मोजा की आत टेकवून मोजा, माप तेच येतं. टेपवर इंच आणि मिलिमीटर दोन्ही हवेत. आपला सुतार अजून सुतात बोलतो, आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण 3.2 मिलिमीटर, आणि प्लायवाला जाडी सांगणार मिलिमीटरमध्ये, शीट सांगणार आठ बाय चार फूट. वहीत सगळं मिलिमीटरमध्येच लिहून ठेवा आणि वखारीत बोलताना फूट-इंचावर या, उलटं केलंत तर कुठेतरी घोळ होतोच.

त्यानंतर गुण्या. साधा लोखंडी गुण्या चालतोच, पण मला विचाराल तर कॉम्बिनेशन स्क्वेअर, म्हणजे सरकत्या पट्टीचा गुण्या घ्या, त्यातही सहा इंची. बारा इंची सगळेच घेतात आणि मग छोट्या कामाला तो हातात नुसता आडवा येतो. हे एकच हत्यार 90 अंश दाखवतं, 45 दाखवतं, खाचेची खोली मोजतं, आणि पट्टी हव्या त्या मापाला घट्ट करून टोकाला पेन्सिल लावून ओढलं की फळीच्या कडेला समांतर रेघही मारतं. ही कल्पना लॅरॉय स्टारेट नावाच्या अमेरिकन माणसाची, 1870 च्या दशकाच्या शेवटची, आणि आजही त्यात फारसं काही बदललेलं नाही. दुकानातच तपासून घ्या: सरळ कडेच्या फळीला टेकवून एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी मारा, दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर घ्या, फाकल्या तर ठेवा तिथेच. फाकलेलं अंतर हे खऱ्या चुकीच्या दुप्पट असतं, त्यामुळे बारीक चूकही डोळ्याला दिसते. दुकानदार जरा वैतागेल, वैतागू दे. मोठ्या चौकटीला मात्र गुण्यावर विसंबू नका, दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की चौकट काटकोनात.

रेघ मारायला पेन्सिल आहेच, पण जिथे सांधा बसवायचाय तिथे मार्किंग नाइफ, म्हणजे रेघ चिरायची सुरी लागते. वेगळी घ्यायची नसेल तर चांगला पेपर कटर घ्या. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते आणि आपण तिच्या अलीकडे कापणार की पलीकडे हे दर वेळी वेगळं ठरवतो. कटरने चिरलेल्या रेघेत पटाशीचं टोक आपोआप जाऊन बसतं, तिथे ठरवायला काही उरतच नाही.

डिजिटल कॅलिपर, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत धरून तिची जाडी आकड्यात दाखवणारं हत्यार, ही चैन वाटेल पण सगळ्यात जास्त वापर याचाच होतो. 18 मिलिमीटर म्हणून आणलेला प्लाय मोजून बघा, बऱ्याचदा 17 आणि काहीतरी निघतो, आणि तुम्ही शेल्फसाठी 18 ची खाच पाडून बसलात तर फळी तिच्यात खुळखुळणार. ड्रिल बिटवरचे आकडे पुसले गेलेत, हा स्क्रू कितीचा आहे, रंध्याने नक्की किती उतरलं, या सगळ्याला तोच. काही शे रुपयांचा प्लॅस्टिकचासुद्धा लाकडाला पुरतो, स्टीलचा घेतलात तर उत्तम. काम झालं की सेल काढून ठेवत जा, स्वस्तातले कॅलिपर बंद असतानाही सेल खात राहतात.

आता माझं लाडकं आणि कोणीही न घेणारं यंत्र, मॉइश्चर मीटर. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा दिसतो, बस. वखारीत सागवान घेताना दुकानदार 'एकदम ड्राय आहे साहेब' म्हणणारच, त्याची तरी काय चूक, त्याने वरून हात लावून सांगितलेलं असतं. फळीच्या टोकाशी टोचू नका, टोकं आधी वाळतात आणि आकडा फसवा येतो, मध्यावर टोचा, शक्य असेल तर ताज्या कापावर. घरातल्या फर्निचरला 10 ते 12 टक्क्यांच्या आसपास असेल तर बिनधास्त घ्या, 18-20 दाखवत असेल तर एकतर सोडून द्या नाहीतर घरी आणून पट्ट्या लावून थप्पी रचून वाळवत ठेवा. मीटर वेगवेगळ्या लाकडाला थोडा वेगळा आकडा दाखवतो, तेव्हा एक-दोन टक्क्यांवरून भांडू नका.

हे एवढं का, तर लाकूड हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं आणि त्यामुळे आडव्या अंगाने फुगतं-आकसतं, लांबीत जवळपास काही होत नाही. सागवान यात फार सभ्य लाकूड, तरीसुद्धा फूटभर रुंद फळीतला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर ती दोन-अडीच मिलिमीटर फुगू शकते, म्हणजे पाऊण सूत झालं. मे महिन्यात नागपुरात बनवलेला, अगदी मापात घट्ट बसवलेला ड्रॉवर जुलैत रत्नागिरीला नेला तर तो उघडणारच नाही. उन्हाळ्यात बनवताय तर फट सोडा, भर पावसात बनवताय तर कमी सोडा, आणि टेबलाची वरची अखंड लाकडाची फळी खालच्या फ्रेमला चारी बाजूंनी फेविकॉल लावून जखडू नका, तिला हलायला लांबट भोकं ठेवा. प्लायला हा त्रास जवळपास नाही, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. प्लायचं बघायचं ते एवढंच की ओल्या जागेसाठी आयएस 710 (आयएस म्हणजे भारतीय मानक) चा शिक्का, बाकी ठिकाणी आयएस 303 चालतो.

क्लॅम्प, म्हणजे तुकडे दाबून धरणाऱ्या पकडी, कितीही घेतले तरी कमीच पडतात हे कुठलाही सुतार सांगेल. सुरुवातीला एकाच मापाचे चार एफ क्लॅम्प (इंग्रजी F च्या आकाराचे), फूटभर उघडणारे, आणि दोन लांब सॅश क्लॅम्प, एवढ्यात बरंच काम निघतं. एका हाताने दाबायचे क्विक क्लॅम्प सोयीचे असतात पण त्यांचा दाब कमी, ते तात्पुरत्या पकडीला ठेवा. कॉर्नर क्लॅम्पची जोडी घेतलीत तर खोका जोडताना तिसरा हात मिळाल्यासारखं होतं. क्लॅम्प आणि लाकूड यांच्यामध्ये प्लायचे छोटे तुकडे ठेवायची सवय लावा आणि त्या तुकड्यांना पॅकिंगची टेप गुंडाळून ठेवा, टेपला फेविकॉल धरत नाही. उघडं लोखंड आणि ओला ग्लू लाकडावर एकत्र आले की काळे डाग पडतात, बाभळीसारख्या टॅनिनवाल्या (तुरट द्रव्य असलेल्या) लाकडावर तर हमखास, आणि ते डाग घासून जाता जात नाहीत. सागवान तेलकट असतं, चिकटवायच्या जरा आधी थिनर किंवा ॲसिटोनच्या फडक्याने पुसून घ्या. आणि हो, क्लॅम्प आधी कोरडेच लावून बघा, ग्लू लावल्यावर स्क्रू शोधत पळापळ नको.

ड्रिलच्या सोबतीला तीन वस्तू. पहिली म्हणजे लाकडाचे, मध्ये टोक असलेले बिट, लोखंडासाठीचे बिट लाकडावर नाचतात. दुसरी काउंटरसिंक बिट, नाहीतर स्क्रूचं डोकं कायम वर राहणार. तिसरी डॉवेल जिग (डॉवेल म्हणजे सांध्यात बसवायची गोल लाकडी खुंटी, जिग म्हणजे बिटला वाट दाखवणारा साचा), फळीच्या जाडीच्या बरोबर मध्यावर सरळ भोक पाडून देणारी. 18 च्या प्लायला 8 मिलिमीटरचा डॉवेल योग्य, फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असा साधा हिशोब आहे. खोलीसाठी स्टॉप कॉलर मिळते पण बिटला रंगीत टेपचा झेंडा लावला तरी तेच काम होतं, फुकटात.

पॉकेट होल जिगबद्दल सारखं विचारलं जातं. 15 अंशात तिरकं भोक पाडून स्क्रूने सांधा आवळायचा, पटकन होतं, ग्लू सुकायची वाट बघायला लागत नाही, किचनच्या खोक्यांना आणि शेल्फांना झकास. प्लाय आणि पाइनला जाड आट्यांचे स्क्रू, सागवानासारख्या कडक लाकडाला बारीक आट्यांचे. पण दिसणाऱ्या बाजूला ती भोकं मला तरी बघवत नाहीत, आणि खुर्चीला तर मी वापरायला सांगणार नाही. शेजाऱ्याकडे असेल तर मागून आणा, स्वतःची लगेच घेऊ नका.

धार. इथे हात आखडता घेऊ नका. नवी पटाशी दुकानातून येते ती कामाला तयार नसते, आधी तिची मागची सपाट बाजू घासून आरशासारखी करायची. एक डायमंड प्लेट घ्या, एका बाजूला 400 आणि दुसऱ्या बाजूला 1000 ग्रिटची (आकडा मोठा तितकी प्लेट बारीक), सोबत एक होनिंग गाइड, म्हणजे चाकावर चालणारी छोटी पकड, तिच्यात पटाशी किंवा रंध्याचं पातं अडकवलं की कोन हलत नाही. 25 अंशाला मुख्य उतार आणि टोकाला 30 अंशाची बारीकशी कड, बहुतेक कामाला एवढं पुरतं. पातं गाइडमधून किती बाहेर काढायचं याच्या दोन खुणा एका फळीच्या तुकड्यावर करून ठेवा, मग दर वेळी कोन मोजत बसावं लागत नाही. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या तुकड्यावर पॉलिशिंग पेस्ट लावून चार-आठ हात मारा. धार लागली का ते पाइनच्या तुकड्याच्या टोकावर, आडव्या कापलेल्या बाजूवर बघा, भुगा न होता पातळ सलग पापुद्रा निघाला तर लागली.

याच्याच जोडीला स्क्रेपर, म्हणजे पोलादाचा पत्त्याएवढा पातळ पत्रा. सागवानात रेषा मध्येच उलट्या फिरतात आणि तिथे रंधा मारला की ढलपी उपटते, अशा जागी हा पत्रा अंगठ्याने किंचित वाकवून ओढायचा. आपले जुने सुतार हेच काम फुटक्या काचेच्या तुकड्याने करायचे, अजूनही करतात, पण तुम्ही पत्राच घ्या, बोटं शाबूत राहतील.

उजेडासाठी एक एलईडी टॉर्च, फळीला जवळजवळ समांतर धरायची, पॉलिश पेपरचे सगळे ओरखडे उघडे पडतात. पॉलिश मारून झाल्यावर ते दिसून काही उपयोग नसतो. पेपर 120, 180, 240 असा क्रमाने, मधला टप्पा गाळू नका.

भुशाचं जरा गंभीरपणे घ्या. लाकडाचा भुसा माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचं वर्गीकरण आहे ते, आणि सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाजही सुटते. एन-95 मास्क, चष्मा, राउटर (लाकडात खाचा पाडणारं मशीन) किंवा सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत) चालवताना कानावर मफ्स, हे पहिल्याच दिवशी. घरातला व्हॅक्यूम क्लीनर भुशाने लगेच तुंबतो, त्याच्या आधी झाकणाची बादली आणि सायक्लोनचा प्लॅस्टिक शंकू (आत हवा गोल फिरून भुसा खाली पडतो) जोडला की बहुतेक सगळा भुसा बादलीतच पडतो, फिल्टरपर्यंत फार थोडा पोचतो. हे घरी जोडता येतं आणि बघायलाही मजा येते. पुढे कधी टेबल सॉ घेतलात तर तो चालू करायच्या आधी प्लायची पुश स्टिक कापून ठेवा, बोटाऐवजी ती पात्याजवळ जाईल.

विजेचं एक बघून घ्या. 1400 वॉटची सर्क्युलर सॉ 230 व्होल्टवर सहा अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे साधा सहा अँपिअरचा सॉकेट काठावर आला, त्यात तो बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड गुंडाळी न सोडता वापरला तर वायर तापणार. 16 अँपिअरचा पॉइंट, जाड वायर, पूर्ण उलगडलेली, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. गच्चीवर काम असेल तर हे ऐच्छिक नाहीच. सोसायटीत असाल तर राउटरची वेळ आधीच ठरवून घ्या, दुपारी अजिबात नको.

फुटकळ सामान पटकन सांगतो: स्क्रू ठेवायला चुंबकाची वाटी, मास्किंग टेप, फेवीक्विक (टेम्प्लेट, म्हणजे आकाराचा नमुना, आणि लाकूड दोन्हींना मास्किंग टेप लावून टेपांच्या मध्ये फेवीक्विकचा थेंब, टेम्प्लेट घट्ट बसतं आणि नंतर डाग न पडता निघतं), ग्लू लावायला सिलिकॉनचा ब्रश, जवसाचं तेल. तेलाचे फडके मात्र चुरगाळून डब्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि फडक्यांचा गोळा आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात.

खरेदी कुठे, तर पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि लाकडाला भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. मीटर, जिग, होनिंग गाइड असलं सामान ऑनलाइनच लवकर मिळतं. जुने रंधे आणि पटाश्या हव्या असतील तर पुण्याचा जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी, सकाळी लवकर जा. गंज बघून घाबरायचं नाही, तो निघतो. लोखंडी रंधा असेल तर पात्याच्या तोंडाशी आणि बाजूच्या भिंतींना चीर आहे का ते उन्हात धरून बघा, तळाला गुण्याची पट्टी लावून मागून उजेड किती येतो ते बघा, आणि पातं अजून इंचभर तरी शिल्लक आहे ना तेही. भाव सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरू करा.