कमरेचे पिस्तूल दाराबाहेर ठेवताना: टेक्सासमध्ये सशस्त्र रक्षकाचे काम सुरू करणाऱ्यांसाठी

टेक्सासमध्ये सशस्त्र सुरक्षा रक्षक म्हणून काम करताना मला आता नऊ वर्षे झाली. या काळात नव्याने आलेल्या सहकाऱ्यांनी मला नेमबाजीच्या सरावाविषयी, पिस्तुलांच्या जातींविषयी आणि पट्ट्यांविषयी पुष्कळ विचारले. परंतु जिथे शस्त्र नेण्यास मनाई आहे अशा ठिकाणी जायचे असेल तर कमरेचे पिस्तूल कुठे उतरवायचे, कसे उतरवायचे आणि कशात ठेवायचे, हे फारच थोड्यांनी विचारले. माझ्या अनुभवात मात्र चूक होण्याची वेळ पहाऱ्यावर क्वचितच येते; ती येते कामाची पाळी संपल्यावर, गाडीच्या पुढच्या सीटवर, घाईत असताना.

आपल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट सर्वांत आधी सांगितली पाहिजे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीने अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा, कायद्याने दिलेले मोजके अपवाद सोडले, तर संघीय गुन्हा आहे. मित्राचे पिस्तूल केवळ सांभाळण्यासाठी आपल्या गाडीत ठेवून घेणेही त्यामुळे धोक्याचे ठरते. ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक असाल, तरच पुढचे सारे तुमच्या उपयोगाचे आहे.

पहिल्याच वर्षी घडलेला एक प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. पाळी संपवून, साधे कपडे घालून, एका नातेवाइकाला भेटायला मी रुग्णालयात गेलो. काचेच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत, इंचभर उंचीच्या अक्षरांत, टेक्सासच्या दंडसंहितेतील कलम ३०.०६ आणि ३०.०७ च्या पाट्या लावलेल्या होत्या. पहिली पाटी झाकून नेलेल्या पिस्तुलाला मनाई करते आणि दुसरी उघड दिसणाऱ्या पिस्तुलाला. मी मागे फिरलो, गाडीत बसलो, नुसते पिस्तूल होल्स्टरमधून, म्हणजे कमरेला अडकवलेल्या त्याच्या म्यानातून, उपसले, ग्लव्ह बॉक्समध्ये टाकले आणि भेटायला गेलो. परत आल्यावर सीटवर बसल्या बसल्याच ते पुन्हा होल्स्टरमध्ये सारू लागलो, तेव्हा पिस्तूल नेहमीसारखे पुरते बसेना. एरवी बसताना होणारा बारीक ‘टक्’ आवाजही झाला नाही. थोडा जोर लावावा असे क्षणभर मनात आले, पण हात थांबला. मान वाकवून पाहिले, तर जाकिटाच्या खालच्या कडेची नाडी, तिच्या टोकाच्या प्लास्टिकच्या मण्यासकट, होल्स्टरच्या तोंडातून आत शिरली होती आणि ट्रिगरभोवतीच्या (चापाभोवतीच्या) कड्यात अडकली होती. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, सुटायला तयार गोळी होती आणि नळीचे तोंड माझ्या मांडीकडे होते. आणखी थोडा जोर लावला असता तर काय झाले असते, हे मांडीतल्या मोठ्या रक्तवाहिनीची कल्पना असलेल्या कोणालाही समजेल.

दुसऱ्या दिवशी मी हे माझ्या प्रशिक्षकांना सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी मला इतकेच समजावले की होल्स्टर ही पिस्तुलाची पिशवी नसून ट्रिगर झाकणारे कवच आहे, म्हणून दिवसभरात पिस्तूल त्या कवचातून जितक्या कमी वेळा बाहेर येईल तितके बरे. तेव्हापासून मी पिस्तूल आणि होल्स्टर ही एकच वस्तू मानतो. उतरवायचे ते दोन्ही मिळून, पेटीत ठेवायचे ते दोन्ही मिळून आणि पुन्हा कमरेला लावायचे तेही दोन्ही मिळून.

हे शक्य होण्यासाठी होल्स्टर निवडतानाच विचार करावा लागतो. ज्या होल्स्टरच्या खाचांतून कमरेचा पट्टा ओवावा लागतो, तो काढण्यासाठी निम्मा पट्टा सोडावा लागतो. गाडीत बसून एवढा खटाटोप कोणी करत नाही आणि मग नुसते पिस्तूल उपसण्याचा मोह होतो. साध्या कपड्यांतल्या वापरासाठी मजबूत क्लिपचा होल्स्टर घ्यावा. गणवेशातला पट्टा निराळा असतो. तो आतल्या पट्ट्याला चार लहान बंदांनी जखडलेला असतो आणि प्रत्येक बंदाला दोन टिचबटणे असतात. ही आठ बटणे सोडली की पट्टा हातकड्या, टॉर्च आणि होल्स्टरसकट एकसंध निघून येतो. मी तो पाळी संपताच, कामाच्या जागीच काढतो, कारण रक्षकाला कामावर मिळणारी मुभा घरी जाताना वाटेत केलेल्या खासगी कामांना लागू होईल असे गृहीत धरणे चुकीचे आहे.

गाडीत उतरवावे लागलेच, तर माझी पद्धत अशी आहे. गाडी बंद करून सीट पूर्ण मागे घेतो, सीटबेल्ट सोडून बाजूला सारतो, जाकीट आणि सदरा एका हाताने छातीपर्यंत वर धरतो, दुसऱ्या हाताने होल्स्टर बाहेरून मुठीत धरून क्लिप सोडवतो आणि पिस्तुलाच्या मुठीला शक्यतो हातच न लावता सगळे एकत्र वर उचलतो. वस्तू हातातून निसटली तर ती झेलायला जायचे नाही, पडू द्यायची. आजच्या बहुतेक चांगल्या पिस्तुलांतून नुसत्या पडण्याने गोळी सुटत नाही, पण घाईने झेलणाऱ्याचे बोट ट्रिगरवर जाऊ शकते.

ठेवण्यासाठी ग्लव्ह बॉक्स पुरेसा नाही. सीटखालच्या लोखंडी सांगाड्याला पोलादी तारेने जखडलेली कुलपाची पेटी हवी. काच फोडणाऱ्या चोराला तार कापायला जो वेळ लागतो, तेवढेच तिचे काम. पिस्तुलाचा क्रमांक घरी लिहून ठेवावा, म्हणजे चोरी झालीच तर पोलिसांना लगेच देता येतो. गाडीवर बंदुकीच्या कंपनीचे स्टिकर लावू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण ते चोराला आत काय मिळेल याची जाहिरात करते. आणि घरात मुले असतील तर पेटी दुहेरी महत्त्वाची: सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल असे ते ठेवणे हा टेक्सासमध्ये स्वतंत्र गुन्हा आहे. बहुतेक नोकऱ्यांत मालकाला, पार्किंगमधल्या तुमच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर शस्त्र ठेवण्यास मनाई करता येत नाही, असा कायदा २०११ पासून येथे आहे. नव्या माणसांना तो बहुधा ठाऊक नसतो.

आता ठिकाणांविषयी. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येऊ लागले, त्यामुळे सगळीकडेच मोकळीक आहे असा समज पसरला. तो खरा नाही. न्यायालये, मतदानाच्या काळात मतदान केंद्रे, शाळांच्या इमारती, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग आणि ज्यांच्या उत्पन्नाचा ५१ टक्के किंवा अधिक हिस्सा तिथेच प्यायच्या मद्यातून येतो असे बार, या ठिकाणी मनाई कायम आहे. अशा बारच्या दारावर लाल रंगात ५१ हा आकडा असतो. संघीय कार्यालयांच्या इमारतींत शस्त्र नेल्यास एक वर्षापर्यंत आणि संघीय न्यायालयांत दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेच्या हद्दीपासून १००० फुटांपर्यंत संघीय कायद्याची निराळी बंदी आहे. ती शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याचा परवाना असलेल्याला या बंदीतून सूट मिळते, पण विनापरवाना बाळगणाऱ्याला मिळत नाही. त्याने पिस्तूल रिकामे करून कुलपातच ठेवले पाहिजे. केवळ याच एका कारणासाठी मी प्रत्येक नवख्याला परवाना काढण्याचा सल्ला देतो.

टपाल कार्यालयाची गोष्ट सर्वांत फसवी आहे. टपाल खात्याच्या नियमांत मनाई इमारतीपुरती नसून खात्याच्या पार्किंगलाही लागू आहे आणि तिथे शस्त्र ‘ठेवणे’ही तीत येते, म्हणजे तिथल्या पार्किंगमध्ये येऊन मग पेटीत ठेवणे उशिराचे ठरते. या नियमाला न्यायालयांत आव्हाने दिली गेली आहेत, पण नव्या माणसाने आपली नोकरी त्या वादावर पणाला लावू नये. मी गाडी बाहेरच्या रस्त्यावर उभी करतो, किंवा टपालाचे काम ज्या दिवशी असेल त्या दिवशी पिस्तूल घरीच ठेवतो.

खासगी दुकानाची किंवा रुग्णालयाची पाटी नजरेतून सुटली आणि आत गेल्यावर लक्षात आले, तर स्वच्छतागृहात जाऊन पिस्तूल उतरवण्याचा विचारही करू नये; शांतपणे आल्या वाटेने बाहेर पडावे. खासगी दुकानात पाटी असूनही आत गेल्यास सामान्यतः २०० डॉलरपर्यंत दंड होतो, परंतु तोंडी सांगूनही न निघाल्यास तोच गुन्हा बराच वरच्या श्रेणीचा होतो.

विस्मरण ही या सगळ्यातली खरी अडचण आहे. पहिल्या महिन्यात कमरेला सतत टोचणारे पिस्तूल सहाव्या महिन्यात जाणवेनासे होते. २०२३ मध्ये अमेरिकेतील विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका प्रवाशांच्या हातातल्या सामानात सापडल्या आणि त्यांपैकी सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. विमानाने शस्त्र न्यायचे असेल तर ते रिकामे करून, कुलपाच्या कडक पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन सामानातच द्यावे लागते. माझ्यावर ही वेळ येऊ नये म्हणून मी घरून निघताना, बुटांचे बंद बांधायच्या आधी, दिवसभरात कुठे कुठे जायचे आहे ते मोठ्याने म्हणतो. त्यांत बंदीचे एकही ठिकाण आले तर पिस्तूल त्याच क्षणी, घरातल्याच पेटीत जाते. गाडीतली पेटी फक्त ऐनवेळी निघालेल्या कामासाठी आहे.

परत लावतानाही थोडा वेळ द्यावा लागतो. होल्स्टर कमरेला अडकवल्यावर मी अंगठा क्लिपच्या खालून फिरवतो, कारण एकदा ती पट्ट्याऐवजी नुसत्या विजारीच्या कडेला अडकली होती आणि ते मला संध्याकाळी, पायऱ्या चढताना, होल्स्टर हलल्यावर कळले. अंगठ्याला पट्ट्याची खालची कड आणि तिच्याखाली वळलेले क्लिपचे टोक लागले, की मगच मी सदरा खाली सोडतो आणि सीटबेल्ट लावतो.