जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स कुरकुरतोय? खोलण्याआधी हे तपासा

जुनी ऑटोमॅटिक गाडी एखाद्या सकाळी 'डी'मध्ये टाकावी आणि दोन-तीन सेकंद काहीच होऊ नये, मग धप्पकन झटका बसून ती निघावी. असं झालं की मालकाच्या पोटात गोळा येतो. गॅरेजमध्ये गेलं की वाक्य ठरलेलं: "गिअरबॉक्स खोलावा लागेल." लागेलही कदाचित. पण कमी झालेलं ऑइल, सैल पडलेली केबल, फाटलेलं माउंटिंग किंवा साधा ब्रेकचा स्विच अशा बाहेरच्या गोष्टींची पावतीही पुष्कळदा गिअरबॉक्सच्याच नावावर फाडली जाते. त्यामुळे तपासणी बाहेरून आत करत जायची. खोलणं सगळ्यात शेवटी.

हा लेख टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल आहे. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणारा गिअरबॉक्स) किंवा साध्या गिअरबॉक्सलाच मोटर जोडलेली एएमटी यांचं दुखणं वेगळं असतं, त्यांना इथले सगळे ठोकताळे लावू नका.

थोडं आतलं समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे जाते. इंजिनावर फिरणारा एक पंप त्याच ऑइलला दाब देतो. व्हॉल्व्ह बॉडी नावाचा चक्रव्यूह तो दाब योग्य वेळी योग्य क्लचकडे किंवा बँडकडे (आतल्या ड्रमला आवळणाऱ्या पट्ट्याकडे) पाठवतो, क्लच प्लेटा आवळल्या जातात आणि गिअर पडतो. म्हणजे इथलं ऑइल केवळ वंगण नाही. ताकद पोहोचवणं, गिअर पाडणं आणि आतली उष्णता बाहेर नेणं ही कामंही तेच करतं. म्हणून सुरुवात ऑइलपासून. पण त्याच्याही आधी वही-पेन.

पायरी १ : तक्रार लिहून काढा

"गाडी झटके मारते" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. आठवडाभर गाडी चालवताना पुढच्या गोष्टी टिपा. त्रास गाडी थंड असताना होतो की तापल्यावर? कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना? वेग किती, आरपीएमचा काटा कुठे? ॲक्सिलरेटर हलका होता की पूर्ण दाबलेला? रिव्हर्स नीट पडतो का?

थंड असताना गिअर उशिरा पडतो आणि तापल्यावर बरं चालतं, तर कडक झालेल्या रबरी सीलांवर संशय घ्यावा. उलट थंड असताना छान आणि तापल्यावर घसरत असेल, तर पातळ झालेल्या ऑइलचा दाब कुठेतरी निसटतोय किंवा प्लेटा झिजल्या आहेत. एवढी एक नोंदही मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचवते.

पायरी २ : ऑइलची पातळी बघा

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा आणि सपाट जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा. पाय ब्रेकवर ठेवून गिअरचा दांडा 'पी'पासून 'एल'पर्यंत प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा आणि परत 'पी'त आणा. मग बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि वाचायची. होंडासारख्या काही गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच, मिनिटा-दीड मिनिटात मोजायचं असतं. आपल्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते आधी वाचा. इंजिन बंद करून बराच वेळाने मोजलं तर आकडा सरळ सरळ चुकतो.

'हॉट' खुणेवर वाचायचं, 'कोल्ड'वर नाही, कारण तापल्यावर ऑइल फुगतं. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत अर्धा लिटर किंवा त्याहून कमी ऑइलचं असतं, म्हणून भरायचं तर थोडं थोडं. इथे लोक हमखास घाई करतात. कमी ऑइलने पंप हवा ओढतो, गिअर उशिरा पडतो, गुणगुण ऐकू येते. जास्त ऑइल झालं तर ते फिरत्या भागांत घुसळून फेसाळतं आणि फेसाला दाब धरता येत नाही, म्हणजे लक्षणं पुन्हा तीच!

डिपस्टिकच नसेल तर गिअरबॉक्स 'सील्ड' प्रकारचा आहे. त्याची पातळी खालच्या किंवा बाजूच्या प्लगमधून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना बघतात. गाडी चारही बाजूंनी समतल उचलावी लागते. घरच्या अंगणात या फंदात पडू नका.

पायरी ३ : रंग आणि वास

डिपस्टिकवरचं ऑइल पांढऱ्या कागदावर टिपा. लालसर आणि पारदर्शक असेल तर उत्तम. तपकिरी झालं पण जळका वास नसेल तर म्हातारं झालंय, अजून घात झालेला नाही. काळपट, करपलेल्या वासाचं आणि बोटांत चोळल्यावर कण लागणारं असेल तर क्लच प्लेटांचं अस्तर जळून त्यात मिसळलंय.

गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच थांबवा. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतून जाते. ती आतल्या आत गळली की कूलंट ऑइलमध्ये शिरतं आणि प्लेटांवरचं अस्तर धरून ठेवणारा गोंद सुटायला लागतो. अशा अवस्थेत घरापर्यंत चालवत नेण्याचा मोह महागात पडतो.

पायरी ४ : गळती

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा. सकाळी लाल डाग दिसला तर तो गाडीच्या कुठल्या भागाखाली आहे ते बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली असेल तर पुढचं सील, चेंबरच्या (गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याच्या) कडेने असेल तर पॅकिंग, रेडिएटरकडे असेल तर कूलरच्या नळ्या. काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच लाल ऑइल असतं, तेव्हा त्याची टाकीही बघून घ्या. एक लक्षात ठेवा: हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालंय म्हणजे कुठेतरी गळतंयच.

याला एकच गमतीदार अपवाद आहे. जुन्या काही गाड्यांत व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची डबी असते, एका नळीने इंजिनाला जोडलेली. तिच्या आतला पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं ऑइल पिऊन टाकतं. जमिनीवर थेंब नाही, पण सायलेन्सरमधून पांढरट धूर आणि गिअर उशिरा, दणका देत पडतात. नळी उपसून आत बोट लावा. ऑइल लागलं तर चोर सापडला.

पायरी ५ : गिअरबॉक्स सोडून बाकी सगळं

माझ्या जुन्या गाडीत 'आर' टाकला की खालून दणका बसायचा. दोन ठिकाणी गिअरबॉक्स "गेला" असं सांगितलं गेलं. शेवटी निघालं काय, तर इंजिनाचं फाटलेलं रबरी माउंटिंग. बॉनेट उघडा, ब्रेक घट्ट दाबून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला बाजूने (गाडीच्या समोर उभं राहून कधीच नाही) बघायला सांगून 'डी' आणि 'आर' आलटून पालटून टाका. इंजिन टुणकन उसळलं तर माउंटिंग बदला आणि मग पुढचं बोला.

दांडा 'पी'तून हलतच नसेल तर ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का ते बघा. लागत नसतील तर फ्यूज किंवा ब्रेकचा स्विच गेलाय आणि दांड्याचं कुलूप त्यामुळेच उघडत नाही. गाडी 'पी'त सुरू होत नाही पण 'एन'मध्ये होते, तर दांड्याची केबल किंवा गिअरची जागा ओळखणारा स्विच सरकलाय. दोन्ही कामं किरकोळ आहेत.

ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सकडे केबल जात असेल तर तिला हलक्यात घेऊ नका. कित्येक जुन्या गिअरबॉक्समध्ये ऑइलचा दाब हीच केबल ठरवते. ती सैल किंवा चुकीची बसवली असेल तर कमी दाबावर प्लेटा घसरत राहतात आणि थोड्याच दिवसांत जळतात.

पायरी ६ : कोड वाचा

इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्समध्ये संगणकाला गडबड जाणवली की तो एकाच गिअरमध्ये, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्यात, अडकवून ठेवतो, म्हणजे निदान घरी पोहोचता यावं. ओबीडी-२ स्कॅनर लावून संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचा. पी०७०० म्हणजे फक्त "गिअरबॉक्सकडे बघा", खरा कोड त्याच्यासोबत दुसरा असतो. पी०७१५ आणि पी०७२० वेगाच्या सेन्सरांचे, पी०७५० पासूनचे शिफ्ट सोलेनॉइडचे (गिअर पाडायला ऑइलची वाट उघडणारे-बंद करणारे विजेवरचे व्हॉल्व्ह), पी०७४१ कन्व्हर्टरच्या लॉकअपचा (ठरावीक वेगाला इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला क्लच).

कोडात ज्याचं नाव आलं तो भाग लगेच बदलायला धावू नका. आधी कनेक्टर काढून आत ऑइल किंवा गंज आहे का ते बघा, वायर कुठे घासलीय का बघा, बॅटरी आणि अर्थिंग तपासा. जुन्या गाडीत अशा साध्या कारणांनीही हेच कोड उमटतात.

पायरी ७ : चालवून ओळखा

मोकळा रस्ता शोधा. साठ-ऐंशीच्या वेगात हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते का? तसं असेल तर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकचं पेडल दिवे लागण्यापुरतंच, अगदी हलकं दाबा. ब्रेकचा स्विच दबला की लॉकअप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर दोष लॉकअपकडे, चालूच राहिली तर स्पार्क प्लग, कॉइल अशा इंजिनाच्या गोष्टी बघा. मागे गाडी नाही ना, एवढं पाहूनच हे करा. थरथर लॉकअपचीच असेल तर योग्य प्रतीचं नवं ऑइल घालून ती कधी कधी जातेही, कारण या ऑइलमधली द्रव्यं प्लेटा किती गुळगुळीतपणे पकडायच्या ते ठरवतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या कामासाठी त्यात चक्क देवमाशाचं तेल घालत असत! आता रसायनं असतात, पण प्रत्येक कंपनीची मागणी वेगळी. म्हणून पुस्तकात लिहिलंय तेच ऑइल. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेला डबा शक्यतो दुकानातच राहू द्या.

सिग्नलला थांबताना गाडी साध्या गिअरच्या गाडीसारखी गचका खाऊन बंद पडत असेल तर लॉकअप सुटतच नाहीये. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम उगाच उसळून मग गिअर पडतो, तर तिसऱ्याचा क्लच घसरतोय. अनेक जुन्या तीन-गिअरी गिअरबॉक्समध्ये तिसऱ्याला आणि रिव्हर्सला एकच क्लच असतो, म्हणून दोन्ही एकदम बिघडले तर बोट त्याच्याकडेच. 'डी'त सुरुवातीला गाडी घसरते पण 'एल'मध्ये पकडते, असं झालं तर एकाच दिशेने पकडणारा आतला वन-वे क्लच गेलेला असण्याची शक्यता मोठी.

ब्रेक दाबून पूर्ण रेस द्यायची 'स्टॉल टेस्ट' घरी करू नका. पाच सेकंदांच्या वर गेली तर कन्व्हर्टरमधलं ऑइल करपतं, आणि गाडी सुटून पुढे जाण्याचा धोका वेगळाच.

पायरी ८ : ऑइल बदलावं का?

वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो, ही भीती सर्वत्र ऐकू येते. माझं मत असं: ऑइल तपकिरी आहे आणि गिअर ठीक पडतायत, तर बदलाच, पण चेंबर उघडून जेवढं निघेल तेवढंच. मशिनने दाब देऊन धुण्याच्या वाटेला जाऊ नका. ऑइल काळं आहे आणि गाडी आधीच घसरतेय, तर नव्या ऑइलने झिजलेल्या प्लेटा भरून येणार नाहीत. तिथे ते पैसे दुरुस्तीसाठी राखून ठेवा. सीलं मऊ करणारी द्रव्यं बारीक गळती काही काळ रोखू शकतात, त्यापलीकडे बाटलीतल्या औषधाकडून अपेक्षा ठेवू नका.

करायचं ठरलं तर गाडी भक्कम स्टँडवर, चाकांमागे लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. ऑइल कोमट असू द्या, कढत नको. भरण्याचा प्लग उघडतो का ते जुनं ऑइल काढण्याच्या आधी बघा, नाहीतर रिकामी गाडी घेऊन बसाल. निघालेलं ऑइल मापा आणि पातळी आधी बरोबर होती तर तेवढंच नवं भरा. एका वेळी एकूण ऑइलच्या तिसरा हिस्सा ते निम्मं एवढंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. थोडं चालवून पुन्हा एकदा बदलता येतं.

चेंबरमधलं लोहचुंबक जरूर बघा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणं स्वाभाविक आहे. धातूचे चकचकीत तुकडे किंवा कपच्या निघाल्या तर आत काहीतरी तुटलंय आणि आता मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. फिल्टर आणि पॅकिंग नवं घाला, चेंबरचे बोल्ट पुस्तकातल्या ताकदीनेच आवळा. साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपासचं हे काम आहे. जोर लावला की चेंबरची कड वाकते आणि गळती तुम्हीच तयार करता.

गाडी कोणत्याच गिअरमध्ये सरकत नसेल, खरखर येत असेल किंवा ऑइल दुधाळ असेल तर ती उचलूनच न्यायची. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, त्यामुळे 'एन'मध्ये दोरीने ओढत नेली तर आतले भाग कोरडे घासतात. निदान ज्या चाकांना ताकद मिळते ती चाकं जमिनीपासून वर हवीत आणि फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर चारही.