गणपतीत गावी जमलेल्या पोरांना लॅपटॉपशिवाय कोडिंग कसं शिकवायचं

गणपतीला आमच्या मालवणजवळच्या घरी दहा-बारा पोरं जमतात, आमची आणि चाकरमान्यांची, आणि भादव्यातला पाऊस लागला की लाईटचा भरवसा नाही, मग मोबाईलला चार्जिंग नाही, रेंज नाही, पोरं नुसती पडवीत हुंदडतात. तोच वेळ मी कोडिंगला वापरते. कॉम्प्युटर लागत नाही, खरंच! न्यूझीलंडच्या कॅन्टरबरी युनिव्हर्सिटीतले टिम बेल आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० च्या दशकातच असे बिनकॉम्प्युटरचे खेळ बनवले, मी फक्त त्यात आपल्या घरातल्या वस्तू आणल्या.

सुरुवात मोदकाने करा. पोरांना सांगायचं, मी मशीन आहे, तुम्ही जे बोलाल तेवढंच करणार, आता माझ्याकडून मोदक करून घ्या. पहिलं पोर हमखास म्हणतं "सारण भर", मग तुम्ही सारण सरळ मुठीत भरून गप्प बसायचं, कारण कशात भरायचं ते कुणी सांगितलंच नाही. "काकी, असा नाय!" असा गलका होतो, मग हळूहळू नीट यायला लागतं, उकडीचा गोळा घे, पारी कर, मधे एक चमचा सारण ठेव, कळ्या पाड, तोंड बंद कर, हळदीच्या पानावर ठेव. हे सगळं झाल्यावरच सांगा की याला अल्गोरिदम म्हणतात, आधी शब्द सांगितलात तर पोरं शाळेचा अभ्यास समजून पळतात. पारी चिरली तर पाण्याचा हात लाव, नाहीतर पुढे जा, ही झाली कंडिशन, आणि २१ मोदकांसाठी तेच २१ वेळा न लिहिता "२१ वेळा कर" म्हटलं की लूप.

मग पडवीत खडूने ५ बाय ५ घरं आखा. एका कोपऱ्यात एक पोर उंदीर, समोरच्या कोपऱ्यात मोदक, मधल्या तीन-चार घरांत नारळ. चिठ्ठ्यांवर तीनच आज्ञा लिहायच्या: एक घर पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. चिठ्ठ्या सगळ्या आधी मांडायच्या आणि मगच उंदराने चालायचं, चालताना एकही बदलायची नाही. हा नियम कितीही रडारड झाली तरी सोडू नका, शिकणं त्यातच आहे. पोरं दोन ठिकाणी चुकतात, वळ म्हणजे जागच्या जागी वळायचं हे विसरून घरच ओलांडतात, नाहीतर उंदराची डावी सोडून स्वतःची डावी धरतात. उंदीर नारळावर आदळला की सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून परत पहिल्यापासून मांडू देऊ नका, चुकलेली नेमकी एक चिठ्ठी शोधायला लावा, तेच डिबगिंग, बग म्हणजे किडा, पण कोडिंगमध्ये चुकीलाही बग म्हणतात. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, खरोखरचा किडा, पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट मी इथे सांगते, बग हा शब्द त्याच्याही आधीचा आहे पण पावसाळ्यात दिव्याभोवती घोंगावणारे किडे बघत बसलेल्या पोरांना ती लगेच पटते.

नारळ हातात तोलून हलक्यापासून जडापर्यंत ओळीत लावायचा खेळही होतो, एका वेळी शेजारच्या दोघांचीच तुलना आणि गरज पडली तर अदलाबदल, ५ नारळांना जास्तीत जास्त १० तुलना पुरतात.

माझा सगळ्यात आवडता खेळ करवंट्यांचा. पाच करवंट्या ओळीत मांडा, डावीकडून त्यांची किंमत १६, ८, ४, २, १. सुलटी म्हणजे मोजायची, उलटी म्हणजे शून्य. आता पोरांना विचारा, बाप्पाच्या २१ दुर्वा दाखवा. १६ अधिक ४ अधिक १, म्हणजे सुलटी, उलटी, सुलटी, उलटी, सुलटी! एक आड एक अशी ती ओळ लागली की पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, कॉम्प्युटर आतून असाच मोजतो हे मग वेगळं समजवावं लागत नाही. पाचांत ३१ पर्यंत आकडे येतात, म्हणजे A ला १, B ला २ असं धरलं तर इंग्रजीची २६ अक्षरं आरामात बसतात, आमची पोरं आता ओटीवर करवंट्या मांडून एकमेकांना गुपचूप निरोप देतात आणि मोठ्या माणसांना वाटतं पसारा केलाय, तो आवरू नका हां. अगदी पाच-सहा वर्षांचं कुणी असेल तर त्याला तीनच करवंट्या द्या, ४, २, १, सातपर्यंत पुष्कळ झालं.