मराठवाड्यातील घराच्या खिडक्या बाहेरून कशा सजवाव्यात

मराठवाड्यात खिडकीची बाहेरून सजावट करताना पहिला विचार उन्हाचा करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या पुढे जात असल्याने प्लास्टिकच्या फुलमाळा पांढऱ्या पडतात, गडद रंग लवकर विटतात आणि स्वस्त कुंड्या तडकतात. त्यामुळे जी वस्तू सावली देते किंवा पाणी अडवते, तिलाच आधी देखणे करावे. केवळ शोभेच्या वस्तूंवर त्यानंतर खर्च करावा.

प्रथम रस्त्याच्या पलीकडे उभे राहून दर्शनी भिंत सकाळी एकदा आणि दुपारी चारनंतर एकदा नीट पाहावी. छज्ज्याची सावली कुठवर पोहोचते, ओघळांचे डाग कोठे आहेत आणि ग्रील कोठे गंजली आहे, याची नोंद करावी. रंगकाम शक्यतो पावसाळा संपून भिंती वाळल्यानंतर, म्हणजे ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत काढावे. ओल मुरलेल्या भिंतीवर दिलेल्या रंगाचे पोपडे सुटतात, तर मे महिन्यात तापलेल्या भिंतीवर तो इतक्या झपाट्याने वाळतो की ब्रशचे पट्टे उमटून राहतात.

त्यानंतर पाण्याची वाट ठीक करावी. छज्ज्याच्या खालच्या बाजूस, कडेच्या थोडे आत, लांबीभर खाच असावी, म्हणजे पागोळ्या तिथेच तुटतात आणि पाणी भिंतीकडे सरकत नाही. खिडकीखालची शहाबादी किंवा ग्रॅनाइटची फरशी बाहेरच्या बाजूस किंचित उतरती आणि भिंतीपुढे इंच-दीड इंच आलेली असावी. ही दोन कामे राहून गेली, तर वरचा कितीही महागडा रंग एका पावसाळ्यात काळवंडतो.

सावलीचा उपाय दिशेप्रमाणे बदलतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलत असल्याने त्याच खिडकीतून हवेहवेसे ऊनही आत येते. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येऊन छज्ज्याखालून आत शिरते. तेथे बांबूची चिक, उभ्या लाकडी पट्ट्यांची जाळी किंवा मजबूत तारेवर चढवलेला वेल लावावा. माझ्या मते, घराच्या दर्शनी भागाला सर्वाधिक उठाव याच उभ्या आडोशामुळे येतो, आणि लोक नेमका तोच टाळतात.

ग्रीलवरील गंज तारेच्या ब्रशने व सँडपेपरने काढून, पुसून, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक आणि ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. जुन्या वाड्याची सागवानी चौकट असेल, तर तिच्यावर ऑइल पेंट थापू नये; जुना थर काढून लाकूड घासावे आणि जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास तो आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून चिंध्या पसरून वाळवाव्यात.

भिंतीचा रंग फिका ठेवून चौकटीभोवती चार इंच रुंदीचा, दोन-तीन छटा गडद पट्टा ओढावा. कडा सरळ येण्यासाठी मास्किंग टेप लावून रंग ओला असतानाच ती काढावी. नक्षी हवीच असेल, तर पैठणीच्या नारळी काठासारखी त्रिकोणांची एकच ओळ स्टेन्सिलने वरच्या पट्टीवर उमटवावी. मोर-पोपटांची गर्दी रस्त्यावरून नुसत्या डागांसारखी दिसते.

खिडकीबाहेरच्या कुंड्यांसाठी वजनाचा हिशेब आधी करावा. दोन फूट लांब आणि आठ इंच रुंद-खोल पेटी ओल्या मातीसह 35 किलोंच्या आसपास भरते, म्हणून लोखंडी ब्रॅकेट भिंतीत अँकर बोल्टने बसवावेत. ग्रीलला तारेने बांधू नयेत. निव्वळ काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे ती एक तृतीयांश घेऊन उरलेल्या भागात शेणखत व कोकोपीट मिसळावे. टंचाईच्या दिवसांत तग धरणारी सदाफुली, चिनी गुलाब किंवा कोरफड लावावी. पेटीखाली ताट ठेवल्यास ओघळ भिंतीवर उतरत नाहीत.

दिव्यासाठी छज्ज्याखाली पाऊस सोसणारा, पिवळसर उजेडाचा एकच दिवा पुरे. आकाशकंदिलासाठी हूक आणि वायरची नळी मात्र रंगाचा शेवटचा हात देण्यापूर्वीच बसवून घ्यावी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर नव्या भिंतीत खिळे ठोकावे लागत नाहीत.