मुंबईच्या थंडीत कोरडी पडणारी त्वचा

डिसेंबर ते फेब्रुवारीत मुंबईत समुद्राऐवजी जमिनीवरून येणारा कोरडा वारा वाढतो. त्यात दिवसभर ऑफिसचा एसी. पारा फारसा उतरला नाही तरी नडग्या पांढुरक्या पडतात.

सुरुवात आंघोळीपासून करा. पाणी कोमट, वेळ पाच ते दहा मिनिटं. कढत पाण्याने त्वचेतला नैसर्गिक स्निग्धांश निघून जातो. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना पुरे. उटणं दिवाळीपुरतं ठीक. रोज डाळीच्या पिठाने घासलं की त्वचा आणखी कोरडी होते.

अंग टॉवेलने टिपून घ्या, चोळू नका. ओलसरपणा असतानाच, तीनेक मिनिटांत, क्रीम लावा. खरं महत्त्व या वेळेला आहे, क्रीमच्या किमतीला नाही. खोबरेल तेल ओलावा आत अडवतं, पण स्वतः पाणी देत नाही. म्हणून कोरड्या अंगावर चोपडून फारसा उपयोग होत नाही. ग्लिसरीन नुसतं लावू नका, एक भाग ग्लिसरीनला दोन भाग पाणी घ्या.

टाचांना भेगा असतील तर रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुसा, १० टक्के युरिया (कडक कातडं मऊ करणारा घटक) असलेलं क्रीम लावा, वर पेट्रोलियम जेली आणि सुती मोजे. भेग ओल्या जखमेसारखी उघडी असेल तर युरिया झोंबतं, तिथे फक्त जेली. ब्लेडने कातडं कापू नका. मधुमेह असेल किंवा भेगेतून रक्त, पू येत असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.